मीच तशी बोलते

खुटबावच्या ज्ञानेश्वरीला स्वतःचं नाव कधी एका दमात सांगता आलं नाही. इतर शब्द कधी सुटायचे, कधी अडायचे. नाव मात्र हमखास अडायचं. पहिल्याच अक्षराला जीभ टाळूला चिकटायची, गळ्याशी काहीतरी आवळलं जायचं, डोळे आपोआप मिटायचे आणि मान एका अंगाला झटके खायची. समोरचा माणूस आधी नवलानं बघायचा, मग दयेनं, आणि मग दुसरीकडेच कुठंतरी. ते दुसरीकडे बघणं तिला सगळ्यात जास्त लागायचं.

तिचं माहेर पाबळच्या बाजूला, एका वस्तीवरचं. वडील, म्हणजे आप्पा, पोरीवर जीव टाकणारे. वर्गात तिला धडा वाचायला उभी केली की पोरं फिदीफिदी हसतात हे कळलं, तसे ते चिखलाच्या पायांनीच शाळेत गेले आणि गुरुजींना म्हणाले, "हिला उभी करत जाऊ नका. हिला बोलता येत न्हाई."

गुरुजी भले होते, त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून वाचनाची पाळी तिच्या बाकापाशी आली की उडी मारून पुढच्या बाकावर जायची. आप्पांनी केलं ते मायेपोटीच. पण त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या पोरीनं ते वाक्य ऐकलं आणि मनात गाठ मारून ठेवलं. पोरगी अडखळते, असं आप्पा म्हणाले नव्हते. बोलता येत नाही, असं म्हणाले होते.

मग ती शब्द चुकवायला शिकली. दुकानात 'कोथिंबीर' अडणार असं वाटलं की मेथी मागायची. आई वैतागायची, "सांगितलं काय, आन् आणलं काय!" ज्ञानेश्वरी ऐकून घ्यायची. कुठं चाललीस म्हणून कुणी विचारलं तर नुसता हात लांब करायची. पाहुण्यांत बोलायची वेळ आली की पाणी आणायच्या निमित्तानं आत जायची. लोक म्हणायचे, पोरगी शांत आहे, वळणाची आहे. स्थळं बघताना त्याचा फायदाच झाला.

नवरा मिळाला तो नेमका बोलका. दत्ता खुटबावचा, भीमेच्या अलीकडच्या काळ्या रानात शेवंतीची बाग करणारा. समोर माणूस नसला तर बैलाशी बोलेल असा. लग्नात बायांनी तिला नाव घ्यायला लावलं. ती उभी राहिली, ओठ हलले, आणि आवाज काही फुटेना. बायका आधी लाजतेय म्हणून हसल्या, मग हसू विरत चाललं. तेवढ्यात दत्ता पुढं सरला आणि म्हणाला, "तिच्या वाटणीचं बी मीच घेतो," आणि त्यानं सलग दोन उखाणे ठोकून दिले. मांडवात एकच हशा पिकला. तिच्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "तू गप बस. मी हाय ना."

त्या एका वाक्याच्या आडोशाला ती वीस-बावीस वर्षं राहिली. दवाखान्यात दुखणं तिचं असायचं, सांगायचा दत्ता. आयुषच्या शाळेत दत्ता जायचा. फुलांचं सगळं बोलणं, मार्केट यार्डातल्या भारतशेठशी भावाची घासाघीस, पाटाच्या पाण्याची भांडणं, सगळं त्याच्याकडे. ती बागेत राबायची. फुलं तोडावीत तर तिनंच, असं सासू मुक्ताबाईसुद्धा म्हणायच्या. पण घराच्या उंबऱ्याबाहेर तिचा आवाज कुणाला ठाऊक नव्हता.

एकदाच ती एकटी पुण्याला मावशीकडे गेली होती. येताना स्टेशनच्या खिडकीपाशी उभी राहिली, मागं ही एवढी रांग. आतल्या माणसानं विचारलं, "कुठलं?" खुटबावला स्टेशन आहे, गाडी थांबते, पण 'ख' काही सुटेना. मागचा एकजण 'चला ओ ताई' म्हणाला आणि तिच्या तोंडून जो सुटला तो शब्द निघाला, "यवत." यवतचं तिकीट घेऊन ती यवतला उतरली आणि पिशव्या घेऊन उन्हाची घरापर्यंत चालत आली. गाडी उशिरा होती, एवढंच तिनं घरी सांगितलं. स्वतःच्या गावाचं नाव घेता न आल्यामुळं आपण चालत आलो, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. दत्तालाही नाही.

आणि मग दत्ताचाच आवाज बसला.

उन्हाळ्यात आवाज घोगरा झाला. थंड पाणी प्यायलं असंल, धूळ बसली असंल, असं करत निम्मा पावसाळा गेला. तंबाखू गालात धरून तो तशाच घोगऱ्या आवाजात लोकांना हसवायचा. गणपतीच्या आसपास घास गिळताना दुखायला लागलं तेव्हा आयुषनं ऐकलं नाही, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. घशाचा कॅन्सर निघाला. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दत्तानं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्यांशी गप्पा मारल्या. ज्ञानेश्वरीला मात्र तो एवढंच म्हणाला, "आता तुझी पाळी," आणि हसला. ती हसली नाही.

शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या गळ्याच्या खड्ड्यात एक भोक होतं आणि त्यातून श्वास फुसफुसत होता. तोंड हलत होतं, आवाज नव्हता.

आयुष रांजणगावच्या कंपनीत होता, शिरूरला खोली घेऊन राहायचा. सुट्ट्या संपल्या तसा तो कामावर गेला आणि वॉर्डात ज्ञानेश्वरी एकटी उरली. नर्स यायची, "पेशंटला ताप होता का? रात्री किती वेळा खोकला आला?" ज्ञानेश्वरी बोटांनी दाखवायची. एकदा आवाज परत शिकवणाऱ्या एक मॅडम आल्या. हवा गिळायची, ढेकर दिल्यासारखी परत सोडायची आणि तिचेच शब्द करायचे, असं त्या दत्ताला समजावत होत्या. मध्येच त्यांनी ज्ञानेश्वरीला काहीतरी विचारलं. तिची मान झटके खायला लागली. मॅडम बघत राहिल्या, दुसरीकडे बघितलं नाही.

"अडू द्या," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."

पण तेवढ्यात त्यांना पलीकडच्या वॉर्डात बोलावलं आणि त्या गेल्या. ज्ञानेश्वरीला बरंच वाटलं, सुटले म्हणून.

दसऱ्याला ते घरी आले. त्यानंतरचे दिवस तिला पुढं नीट आठवतही नाहीत, इतके ते एकासारखे एक होते. पहाटे उठून दत्ताच्या गळ्यातली नळी साफ करायची. खोकल्याचा बेडका नळीत अडकला तर त्याचे डोळे पांढरे व्हायचे, म्हणून झोपेतही तिचा एक कान तिकडं असायचा. मग भाकरी, त्याला पातळ पेज, मुक्ताबाईंच्या गुडघ्याला तेल. उजाडलं की फुलं. दवानं भिजलेली शेवंती तोडताना बोटं बधिर व्हायची. इलाहीमामाचा टेम्पो यायच्या आत क्रेट भरून रस्त्याला लावायचे. केडगावचे इलाही तांबोळी पंचक्रोशीतला फुलांचा माल पुण्याला नेत. त्यांनी क्रेट उचलले की ती जरा बांधावर टेकायची, आणि टेकल्यावर उठायचं म्हणजे अंगातून कुणीतरी हाडं काढून नेल्यासारखं वाटायचं.

दत्ताचा फोन खुंटीला अडकवलेल्या पिशवीत असायचा. तो वाजायचा. भारतशेठचा असणार हे घरात सगळ्यांना कळायचं. दत्ता खाटेवरून फोनकडे बघायचा, मग तिच्याकडे. ती भांडी घासत राहायची. वाजून वाजून फोन गप्प व्हायचा.

एका सकाळी क्रेट उचलता उचलता इलाहीमामा थांबले. "ताई, शेठ रोज इचारतो, उद्या किती माल येणार, पांढरी हाय का पिवळी. मी माझ्या मनानं काहीबाही सांगतो. चुकलं तर भाव पडतो, आन् तोटा तुमचा. माझ्या तोंडानं तुमचं बोलणं किती दिस चालणार?"

तिनं मान हलवली. मान हलवायला कधी अडत नाही.

त्याच आठवड्यात संपत आला. संपत शेजारच्या रानाचा, दत्ताचा लहानपणापासूनचा गडी. पाटाला पाणी सुटलं होतं आणि रानाकडं येणाऱ्या चारीवर पाण्याच्या पाळ्या लागल्या होत्या. त्यानं मोटारसायकल बंदही केली नाही. बांधावरूनच ओरडला, "वहिनी, उद्याची तुमची पाळी मी घेऊ का? माझा कांदा तहानलाय. तुम्हाला पुढल्या फेराला देतो. चालंल ना?"

बागेला कळी लागली होती, विहिरीनं तळ दाखवला होता, आणि मार्गशीर्षाचे गुरुवार तोंडावर आले होते. आता पाणी चुकलं तर कळी बारीक राहणार, वाळणार. ज्ञानेश्वरीला 'न्हाई' म्हणायचं होतं. एवढासा शब्द. जीभ वर गेली आणि तिथंच राहिली. संपतनं थोडं थांबून बघितलं. मोटारसायकल फटफटत होती. "बरं मग, घेतो," असं म्हणून तो गेला.

ती तशीच उभी राहिली. शब्द सुटला तेव्हा रस्त्यावर कुणीच नव्हतं.

संपत वाईट नव्हता. वहिनी गप्प राहिली म्हणजे हो म्हणाली, असंच त्याला वाटलं. सगळ्यांना आजवर तसंच वाटत आलं होतं. कळी सुकली. मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी जो माल गेला, तो भारतशेठनं बाजूला ठेवला, असा निरोप इलाहीमामांनी आणला. निरोप सांगताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

आयुष सुट्टीला आला. बाग फिरून आला, हातातली वाळकी कळी चुरगाळत ओट्यावर बसला.

"आई, मोडून टाकू बाग. रान वाट्यानं देऊ कुणाला तरी. तू किती करणार? आन् हे सगळं बोलण्याचं काम हाय. शेठ, पाणी, मजूर. तुला जमणार हाय का ते?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. आप्पांच्या आवाजात होती तशीच. ज्ञानेश्वरीनं ताटात आमटी वाढली आणि मान हलवून 'न्हाई जमणार' असं कबूल केलं. खाटेवरून दत्तानंही मान हलवली. दोघं बापलेक एका मताचे झाले आणि घरात शांत झालं.

आयुष गेल्यावर ती चुलीपुढं बसून राहिली. रडू येत नव्हतं. दत्ताचा राग येत होता. आजारी माणसाचा राग येतो म्हणून स्वतःचीच लाज वाटत होती, तरी राग येतच होता. ह्यानं एवढी वर्षं माझं सगळं बोलणं उचलून नेलं आणि आता मला रिकाम्या हातानं उभी केली, असं काहीतरी. मग वाटलं, नेलं कुठं, मीच तर दिलं.

पाणीपाळीची पुढची बैठक मारुतीच्या पारावर होती. बाया अशा बैठकीला येत नाहीत असं नाही, पण त्या देवळाच्या भिंतीला टेकून बसतात. त्या सकाळी दत्ताची नळी दोनदा अडकली होती. मुक्ताबाईंना ताप होता. ज्ञानेश्वरीनं फुलं तोडली, क्रेट लावले आणि हात धुता धुता तिच्या लक्षात आलं की बैठक सुरू झाली असणार.

पारापर्यंत जाताना ती नेहमीसारखी मनात वाक्य जुळवायला लागली. 'पाणी' म्हणू का, का नुसतं 'ते' म्हणू? 'पाळी' अडणार. 'आमची बारी' म्हणावं. संपतचं नाव नको, 'शेजारी' म्हणावं. जन्मभर ती हेच करत आली होती. बोलायच्या आधी शब्दांच्या वाटा तपासायच्या, काटे दिसले की वळसा घालायचा. आज चार पावलं गेल्यावर डोकंच चालेना. शब्द चुकवायलाही ताकद लागते आणि तिच्यापाशी ती उरली नव्हती. एवढी दमली होती की लाज राखायचंसुद्धा तिच्यानं होईना. जाऊ दे, जे अडायचं ते अडू दे, असं तिनं ठरवलं असंही नाही. ते आपोआप झालं, हातातलं ओझं गळून पडतं तसं.

पारावर मंडळी पाळ्या लावत होती. ज्ञानेश्वरी भिंतीपाशी न थांबता पुढं गेली.

"म... म... माझी..." ती म्हणाली, आणि पुढचा शब्द अडला. मान झटके खायला लागली. पारावरचे आबा, वयानं सगळ्यांत मोठे, मायेनं म्हणाले, "सूनबाईचं म्हणणं, पाळी सोडायची हाय त्यांना. दत्ताचं असं झाल्यावर बाग कोण बघणार? बरोबर हाय. लिहा, सोडली."

"न... न्हाई," ती म्हणाली.

"मंग संपतलाच द्यायची कायमची?" दुसऱ्या एकानं तिचं वाक्य पुरं केलं.

तिनं डोळे मिटले. आतापर्यंत कुणी वाक्य पुरं केलं की ती मान हलवून मोकळी व्हायची, चुकीचं असलं तरी. किती चुकीची वाक्यं तिच्या नावावर जमा होती, देव जाणे. तिनं हात वर केला.

"थ... थांबा." हा शब्द कसा कोण जाणे, जोरात आला. "म... मला बोलू द्या. व... वेळ लागंल."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. तिला ते ऐकू आलं. कान तापले. पण हसणं ऐकू आल्यावर पुढं काय होतं, हे तिला कधीच कळलं नव्हतं, कारण तेवढ्यावरच ती कायम पळून गेली होती. पुढं काहीच झालं नाही. पिंपळाची पानं हलत होती, संपत मान खाली घालून चपलेनं माती उकरत होता.

ती बोलली. पाणी अडलं, पाळी अडली, संपतचं नाव तर दोनदा अडलं. बाग सोडणार नाही, गेली पाळी संपतनं विचारून घेतली पण मी हो म्हटलं नव्हतं, ती ह्या फेराला मला पाहिजे, आणि माझी स्वतःचीही पाहिजे. सांगायला एवढंच होतं. दत्तानं ते तंबाखू मळता मळता सांगितलं असतं. तिला इतका वेळ लागला की एकानं मध्ये बिडी पेटवून विझवलीसुद्धा.

बोलून झाल्यावर संपत म्हणाला, "वहिनी, तवाच म्हणायचं ना मला न्हाई म्हणून."

"म्ह... म्हणत हुते," ती म्हणाली. "तू थ... थांबला न्हाईस."

आबांनी दोन्ही पाळ्या तिच्या नावावर लावल्या. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी माफी मागितली नाही, बैठक पुढच्या चारीकडे वळली. ती घरी आली, मोरीत जाऊन ओकली आणि भरदिवसा मुक्ताबाईंच्या शेजारी आडवी झाली. झोपली ती थेट दत्तानं ताटली वाजवून उठवेपर्यंत. जिंकल्याबिंकल्यासारखं काही वाटलं नाही. मळणीच्या दिवसांनंतर दुखतं तसं अंग दुखत होतं.

पण दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा ती उठली. धीर आला म्हणून उठली असं नाही. फोन वाजत राहतो आणि घरातली दोन माणसं तिच्या पाठीकडे बघत राहतात, याचा तिला वीट आला होता.

"हॅलो, दत्ताभाऊंकडून कोण बोलतंय?" पलीकडं भारतशेठ.

"मी... मी ज्... ज्..."

"हॅलो? आवाज कट होतोय." फोन बंद झाला. लगेच परत वाजला. "हां, बोला. नेटवर्क नाही वाटतं तुमच्याकडं?"

"ने... नेटवर्क हाय," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मीच तशी बोलते."

पलीकडं मागं यार्डातला गलका ऐकू येत होता. "कोण, वहिनी का? बरं बरं, बोला तुम्ही," भारतशेठ म्हणाले. ते घाईचे माणूस होते आणि घाई त्यांच्या आवाजातून काही गेली नाही. ती बोलत असताना ते दुसऱ्या कुणाला तरी ओरडून काहीतरी सांगत होते. तरी त्यांनी फोन ठेवला नाही. पांढरी किती, पिवळी किती, पाणी मिळाल्यावर माल कधी सुधारेल, सगळं तिनं सांगितलं.

तिनं फोन ठेवला तेव्हा खाटेवर दत्ताचे खांदे हलत होते. तिला वाटलं नळी अडकली, ती धावली. तो हसत होता. गळ्याच्या भोकातून हवेचा नुसता फुसफुस आवाज येत होता. त्यानं बोट हवेत फिरवून, कानाला हात लावून 'नेटवर्क' अशी खूण केली आणि पुन्हा हसला. ज्ञानेश्वरीलाही हसू आलं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

हसला खरा, पण दत्ता स्वतः मात्र बोलायला तयार नव्हता. मॅडमनी शिकवलेलं तो दार लावून करायचा, आणि तेही दोन दिवस करून सोडून द्यायचा. तो आवाज त्याला घाण वाटायचा. कुणी भेटायला आलं की पांघरूण डोक्यावर घ्यायचा. सगळ्या गावाला हसवणारा माणूस, त्यालाच आता लोक हसतील याची भीती. संक्रांतीच्या आधी ज्ञानेश्वरी त्याच्यापाशी बसली.

"तुम्हाला वाटतं, लोक ह... हसतील."

त्यानं मान हलवली.

"हसत्यात," ती म्हणाली. "मी खोटं क... कशाला सांगू? हसत्यात, आन् मग त्यांच्या कामाला लागत्यात." थोडं थांबून ती म्हणाली, "मी द... दमले ओ. दोघांचं मला एकटीला न्हाई बोलवत. थोडं त... तुम्ही बी उचला."

त्यात आर्जव नव्हतं आणि धीर देणंही नव्हतं. एका दमलेल्या बाईनं दुसऱ्याला ओझ्याला हात लावायला सांगावं, तेवढंच होतं. दत्तानं पांघरूण बाजूला केलं. मग उठून बसला, हवा गिळली, तोंड वेडंवाकडं केलं. एक घसरता, खोल, भांड्यातून आल्यासारखा आवाज निघाला. "च..." पुन्हा गिळली. "च्या."

चहा. त्याला चहा हवा होता हे तिला केव्हाच कळलं होतं, त्याची वेळच होती ती. पण ती मध्ये बोलली नाही, उठलीही नाही. शब्द पुरा होईपर्यंत बसून राहिली आणि मगच चुलीकडे गेली. आत मुक्ताबाई भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं सांगता येणार नाही. काही दिवस तिला सहज जमायचं. काही दिवस एकाही माणसाशी बोलावंसं वाटायचं नाही आणि ती बोलायची नाही. फोन वाजला तर वाजू द्यायची. दत्ता आठवड्यातून चारदा रुसायचा. तपासणीला पुण्याला गेल्यावर डॉक्टरांनी 'ठीक आहे, पण लक्ष ठेवा' एवढंच सांगितलं, आणि त्या 'पण'पाशी ती परतीच्या गाडीत कितीतरी वेळ अडकून राहिली. बाग तगली. आधीसारखी फुलली नाही, पण तगली.

वैशाखात नव्या लागणीची रोपं आणायची होती. न्हावऱ्याच्या पुढं, शिरूरच्या रस्त्याला एक नर्सरी होती. दत्ताला ऊन सोसलं नसतं. ज्ञानेश्वरी एकटीच चौफुल्याहून शिरूरच्या एसटीत बसली. पारगावच्या पुलावरून जाताना खाली भीमेचं पात्र आटलेलं दिसलं, जलपर्णीनं हिरवंगार.

नर्सरीवाला सत्यजीत म्हणून तरुण माणूस होता. त्यानं ट्रे दाखवले. तिनं एक रोप उपटून मुळं बघितली. पांढरी मुळी अजून धरलीच नव्हती.

"ही को... कोवळी हायेत," ती म्हणाली.

"काय ताई, एकदम टॉप क्वालिटी आहे. सगळे हीच नेतात."

"न्... नेऊ दे. मला न... नकोत. आठ दिस अजून ठेवा, मग द्या."

"आठ दिवसांनी दुसऱ्याचं बुकिंग आहे."

मग दोघांत चांगलीच जुंपली. ती अडखळत होती, तो भराभरा बोलत होता. मध्ये एकदा त्यानं तिच्या अडखळण्याचा फायदा घेऊन विषय बदलला, तिनं तो परत आणला. दोन गिऱ्हाइकं उभी राहून ऐकत होती. शेवटी निम्मी रोपं दुसऱ्या, मुळी धरून मुरलेल्या ट्रेमधली आणि निम्मी त्याच कोवळ्यांतली, यावर मिटलं. ज्ञानेश्वरीला ते पटलं नव्हतं. पहिल्यासारखा दत्ता सोबत असता तर त्यानं सगळी मुरलेली काढून घेतली असती, वर चहा पिऊन आला असता. पण दत्ता सोबत नव्हता, आणि डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. तिनं रोपं ठरवली, टेम्पोचं इलाहीमामांना फोनवरून सांगितलं आणि शिरूरला पोराच्या खोलीवर गेली.

आयुष नुकताच पहिल्या पाळीहून आला होता. खोलीत एक पंखा, दोन गाद्या, दोरीवर कंपनीचे कपडे. त्यानं तिला पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"कोवळी दिली तुला त्यानं? थांब, नंबर दे. मी झापतो त्याला."

"झ... झापलं मी."

"आन्?"

"न्हाई ऐकलं त्यानं. नि... निम्मंच ऐकलं."

फोन आयुषच्या हातात होता, तो त्यानं खाली ठेवला. "बरं," तो म्हणाला. "जेवलीस का?"

ती जेवली नव्हती. त्यानं भात टाकला, वरण गरम केलं. वरणाला उकळी येईपर्यंत ज्ञानेश्वरी चपला काढून गादीवर कलंडली होती, एक हात डोळ्यांवर घेऊन. पंखा कुईकुई करत फिरत होता. आयुषनं दोनदा हाक मारली, मग तिच्या वाट्याचा भात ताटानं झाकून ठेवला आणि तिला झोपू दिलं.